गोड, उबदार वासाचा परफ्युम रोजच्या वापरासाठी कसा पारखावा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या हवेत

गोड, उबदार वासाचा परफ्युम दुकानात पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ सगळ्यांनाच आवडतो. म्हणूनच त्या पाच मिनिटांत तो विकत घेऊ नये. व्हॅनिला, मध, तंबाखू, दालचिनी असा काहीतरी वास मनगटावर बसतो, मन खूश होतं, बाटली घरी येते. आठवड्याभरात तीच बाटली कपाटात मागे जाते, कारण दुपारी दोन वाजता ऑफिसात त्याच वासानं डोकं जड होतं. आपल्याकडे हे जरा जास्तच घडतं. अशा परफ्युमची वर्णनं बहुतेक युरोपातली थंडी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली असतात. आपण मात्र तो वास लावून एप्रिलमध्ये चिकोडीच्या बसमध्ये उभे असतो, नाहीतर जुलैत खानापूरच्या पावसात भिजत असतो.

गेली बरीच वर्षं मी याच जातीचे वास रोज वापरतो आणि मित्रांना निवडून देतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. गोडपणा सगळ्यात शेवटी उडतो. त्याला तोलून धरणारं जे काही बाटलीत असतं, त्यातलं बरंचसं आधीच उडून जातं. त्यामुळे अशा परफ्युमची खरी परीक्षा चौथ्या तासाला होते. खाली जे काही सांगितलंय, ते या एका गोष्टीभोवती आहे.

आधी स्वतःचा दिवस बघा

बाटली बघायच्या आधी आपला दिवस कसा जातो ते बघायचं. उद्यमबागेच्या कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्याचा दिवस वेगळा आणि बँकेत एसीखाली बसणाऱ्याचा वेगळा. शाळेत शिकवणारा माणूस दिवसभर मुलांच्या जवळ असतो. मेडिकलच्या दुकानात उभा असलेला माणूस आजारी लोकांच्या जवळ असतो. घामाचं काम असेल तर गोड वास घामात मिसळून आंबूस होतो. अशा कामाला गोड परफ्युम कामावर जाताना लावूच नये, संध्याकाळी अंघोळ करून बाहेर पडताना लावावा. हे ऐकायला कडक वाटेल, पण यातून बरेच पैसे वाचतात.

प्रवासही मोजा. गावातून बेळगावला रोज बसने किंवा वडापने येणारा माणूस सकाळचा तासभर दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो. परफ्युमचा सगळ्यात जोरदार तास तोच असतो. म्हणजे तुमचा परफ्युम सगळ्यात आधी सोसतात ते तुमच्या बाजूच्या सीटवरचे अनोळखी लोक.

गोड म्हणजे नेमकं कुठलं गोड

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण नाक तयार झालं की पुढचं सगळं सोपं जातं. आणि आपल्या भागातल्या माणसाचं नाक निम्मं तयारच असतं.

सगळ्यात ओळखीचा गोड वास व्हॅनिलाचा. बाजारातल्या बहुतेक परफ्युममध्ये तो व्हॅनिलिन या कारखान्यात बनणाऱ्या पदार्थातून येतो. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केलं. आपल्या घरी संध्याकाळी लोबान जाळतात, त्यातही नैसर्गिक व्हॅनिलिन असतं. त्यामुळे निखाऱ्यावर टाकायच्या आधीचा लोबानचा खडा हातात घेऊन हुंगला तर व्हॅनिलाची कोरडी, राळेसारखी बाजू लक्षात येते. बाटलीवर ‘अंबर’ लिहिलेलं असतं तेव्हा साधारणपणे लोबान, व्हॅनिला आणि लॅबडॅनम नावाचा चिकट राळेचा वास यांचं मिश्रण असतं. धुपाटण्याचा वास आवडणाऱ्याला हे वास पटकन आवडतात. रोजच्या वापराला मला तर हेच सगळ्यात सुरक्षित वाटतात, कारण त्यांचा गोडपणा कोरडा असतो.

दुसरा गोड वास कूमरिनचा. टोंका नावाच्या बीमध्ये ते भरपूर असतं, आणि कापून उन्हात वाळायला घातलेल्या गवताचा जो गोडसर वास येतो तोही बराचसा त्याचाच. विल्यम पर्किननं १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १८८२ च्या ‘फुजेर रोयाल’पासून ते परफ्युममध्ये आलं. पुरुषांच्या परफ्युमचं एक सबंध घराणं तिथून सुरू झालं. निपाणीच्या माणसाला हा वास समजावून सांगावा लागत नाही. तंबाखूच्या वखारीत वाळलेल्या पानांच्या ढिगाजवळ नाकाला आधी झणका बसतो आणि मग मागून मधासारखा, मनुकांसारखा एक गोडवा येतो. परफ्युममधला ‘टोबॅको’ म्हणजे हा मागचा गोडवा. त्यात विडीचा धूर नसतो.

तिसरा वास साखर करपण्याच्या थोडं आधीचा. थंडीच्या दिवसांत चिकोडी, हुक्केरी, रायबागकडे गुऱ्हाळं सुरू असतात. काहिलीतला रस आटत येतो तेव्हा जो वास सुटतो, तो लक्षात ठेवा. त्याच जातीचा पण कितीतरी तीव्र वास इथिल माल्टॉल नावाच्या पदार्थाचा असतो. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास म्हणजे जवळजवळ तोच. १९९२ साली आलेल्या ‘एंजल’ या बायकांच्या परफ्युमनं तो पदार्थ धीटपणे वापरला, आणि १९९६ मध्ये त्याच घराण्यातला पुरुषांचा ‘ए-मेन’ आला. तेव्हापासून खाण्याच्या गोड पदार्थांसारखे वास पुरुषांच्या बाटल्यांत रुळले. उन्हाळ्यात सगळ्यात आधी त्रास होतो तो याचाच. बाटली हुंगताना कारमेल किंवा कँडी आधी नाकात शिरली, तर रोजच्यासाठी ती बाटली बाजूला ठेवायला हरकत नाही.

चौथा दुधाळ गोडवा. बेळगावचा कुंदा आटवताना दूध आणि साखर तांबूस होत जातात तेव्हा तो वास येतो. परफ्युममध्ये हा वास मऊ असतो आणि फार पसरत नाही. पण उकाड्यात तो दूध नासल्यासारखा वाटू शकतो, म्हणून ओल्या हवेत तपासल्याशिवाय घेऊ नये.

उबदारपणा मात्र बहुतेक मसाल्यातून येतो. दालचिनी, जायफळ, लवंग, वेलदोडा, आलं. डबा उघडून एकेक हुंगून बघा. वेलदोडा आणि आलं उबदार असूनही हलके असतात. दालचिनी आणि लवंग दाट असतात. ही चारपाच वासांची उजळणी घरी दोन संध्याकाळी केली तरी दुकानातला विक्रेता काय सांगतोय आणि बाटलीत काय आहे, यातला फरक तुम्हाला कळायला लागतो.

गोडाला कोण धरून ठेवतं

चांगल्या गोड परफ्युममध्ये गोडाच्या विरुद्ध काहीतरी ठेवलेलं असतं. १९९५ च्या ‘ल माल’मध्ये व्हॅनिलावर पुदिना आणि लॅव्हेंडर आहे. ‘एंजल’मध्ये साखरेसमोर पॅचौली या सुगंधी पाल्याचा मातकट कडवटपणा आहे. २००८ च्या ‘वन मिलियन’मध्ये दालचिनीच्या गोडीला चामड्याचा वास आहे. हे तिन्ही बाजारात टिकून राहिले याचं मोठं कारण मला हा तोलच वाटतो.

आता यातलं महत्त्वाचं. विरुद्ध बाजूचे सगळे वास सारखे टिकत नाहीत. संत्रं, लिंबू आणि त्यांच्याच जातीचं बर्गमॉट यांच्यातलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य अर्ध्या तासात बहुतेक उडालेलं असतं. पुदिनाही लवकर जातो. लॅव्हेंडर, वेलदोडा आणखी थोडा वेळ थांबतात. व्हॅनिलिन आणि कूमरिन मात्र सावकाश उडतात, संध्याकाळपर्यंत राहतात. म्हणजे फक्त लिंबू-पुदिन्याच्या भरवशावर तोललेला परफ्युम सकाळी ताजा वाटतो आणि दुपारी नुसती साखर उरते. याउलट वाळा, देवदार, चंदन, पॅचौली, चामडं, तंबाखू हे वास तळाचे असतात. ते गोडाबरोबर शेवटपर्यंत थांबतात.

म्हणून बाटलीवरची किंवा खोक्यावरची वासांची यादी वाचताना मधली आणि खालची ओळ बघा. खालच्या ओळीत व्हॅनिला, टोंका, अंबर एवढंच असेल तर जपून. त्यांच्यासोबत वाळा, देवदार किंवा पॅचौली असेल तर तो परफ्युम अंगावर लावून बघण्याच्या लायकीचा आहे. यादी ही कंपनीनं केलेली जाहिरातच असते, तिच्यावर निकाल देऊ नये. काय हुंगायचं आणि काय सोडायचं एवढं तिच्यावरून ठरवावं.

लेबल

आपण पुरुषांच्या सगळ्याच परफ्युमला कोलोन म्हणतो, दुकानदार तर सेंटही म्हणतो. पण बाटलीवर ‘ओ द कोलोन’ असं छापलेलं असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण २ ते ५ टक्केच असतो. ‘ओ द तॉयलेट’मध्ये साधारण ५ ते १५ टक्के, ‘ओ द पार्फम’मध्ये १५ ते २० टक्के, आणि नुसतं ‘पार्फम’ असेल तर त्याहून जास्त. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठरवते. गोड वासाच्या बाबतीत मी रोजच्यासाठी ‘तॉयलेट’कडे झुकतो. गोड वास मुळातच टिकाऊ असतो, त्याला आणखी घट्ट करायची आपल्या हवेत गरज नाही.

लेबलवर एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना नंबर असायला हवा. माल बाहेरून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर भाव कितीही चांगला असू दे, घेऊ नका.

दुकानात

सकाळी किंवा दुपारच्या जेवणाआधी जा. त्या दिवशी घरून काहीही लावून जाऊ नका, वासाचं केसांचं तेलसुद्धा नको. सर्दी असेल तर तो दिवस सोडा. खडेबाजारातलं छोटं दुकान असो की मॉलमधला काउंटर, रीत तीच.

आधी कागदी पट्टीवर. एका वेळी तीन वास पुरे, चौथ्यापासून नाक थकतं. प्रत्येक पट्टीवर पेननं नाव लिहा, स्पिरिट उडेपर्यंत थोडं थांबा, मग हुंगा. नाक ताजं करायला काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, त्यांचा फारसा उपयोग होत नाही. दाराबाहेर जाऊन मोकळी हवा घ्या किंवा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा.

तिन्हींतला एकच अंगावर घ्या. मनगटापेक्षा कोपराच्या आतली बाजू बरी, कारण मनगट दिवसभरात धुतलं जातं. एक स्प्रे, आणि चोळायचं नाही. चोळलं की वरचे वास लवकर उडतात आणि पुढचं चित्र बदलतं. मग दुकानातून बाहेर पडा. विक्रेता ऑफर सांगेल, शेवटची बाटली आहे म्हणेल, तरी बाहेर पडा. गणपत गल्लीतून फिरा, बाजार करा, चहा घ्या. पट्ट्या वेगवेगळ्या पाकिटांत घालून घरी न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगा. कागदावर रात्रभर काय उरलं, यावरून तळाचा वास बराचसा कळतो.

त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आत लावलेल्या जागेवर दोन दिवस लक्ष ठेवा. कूमरिन, दालचिनीतलं सिनॅमाल, लवंगेतलं युजेनॉल यांची काहींना अॅलर्जी असते. खाज, लाल चट्टा दिसला तर तो परफ्युम तुमच्यासाठी नाही.

चौथा तास

आवडलेल्या एकाचं छोटं सॅम्पल किंवा ५ मिलीची डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून भरलेली छोटी बाटली, मिळवा. एका स्प्रेमध्ये साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५ मिलीमध्ये पन्नासएक स्प्रे होतात. रोज तीन म्हटले तरी पंधरा दिवस पुरतात. पारखायला एवढं भरपूर आहे.

ज्या दिवशी नेहमीचंच काम आहे त्याच दिवशी लावा. रविवारी घरी बसून केलेली चाचणी कामाची नाही. सकाळी लावल्यावर मोबाइलमध्ये वेळ टाकून दोन शब्द लिहून ठेवा. पहिला अर्धा तास सोडून द्या, तो सगळ्याच परफ्युमचा चांगला असतो. तासाभरानं मसाला आणि फुलं वर येतात, तेव्हा एक नोंद करा. मग काम करा, विसरून जा.

चौथ्या तासाला, जेवणाच्या सुट्टीत, दोन मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभे राहा. मग शर्टाच्या गळ्यातून येणारा वास घ्या. स्वतःला तीनच प्रश्न विचारा. गोडाशिवाय दुसरं काही ओळखू येतंय का? हा वास घेतल्यावर जेवण जाईल का? आणि आत्ता हा वास पुन्हा नव्यानं लावावासा वाटेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, नुसती व्हॅनिलाच उरली असेल, तर तो परफ्युम रोजचा नाही. थंडीतल्या लग्नाला ठेवा हवं तर. दुसरा प्रश्न मी फार मानतो. डब्यातली भाकरी आणि झणझणीत आमटी उघडल्यावर ज्या वासानं घास नको होतो, तो कितीही महागडा असला तरी रोज अंगावर नको.

आपल्या नाकाला आपलाच वास थोड्या वेळानं येईनासा होतो. ही नाकाची रीत आहे, परफ्युम उडाला असं नव्हे. कित्येक जण इथेच चुकतात आणि दुपारी आणखी चार स्प्रे मारतात. टिकला की नाही हे दुसऱ्यालाच विचारावं लागतं, आणि विचारायचीही पद्धत असते. “कसा आहे?” असं विचारलं तर लोक मन राखायला “छान” म्हणतात. आईला, बायकोला, वहिनीला किंवा टेबलाशेजारच्या मित्राला विचारा: “मी आत यायच्या आधी वास आला, की जवळ आल्यावर?” हातभर अंतरावर आला तर रोजच्यासाठी उत्तम. मी यायच्या आधी आला तर स्प्रे कमी करायचे. आणि कोणी आपणहून म्हणालं, “लग्नाला चाललास काय रे?” तर ते कौतुक समजू नका, त्या दिवशी जास्त झालेलं असतं.

पाऊस, ऊन, थंडी

आपला जिल्हा एकाच हवेचा नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, संध्याकाळी हवा मोकळी होते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे घाटाचा पाऊस. अथणी-रायबागकडे ऊन कडक आणि कोरडं. कामासाठी कारवारला जाणाऱ्यांना समुद्रकाठचा दमट घाम. एकच बाटली या चारही ठिकाणी सारखी वागत नाही.

ऊन तापलं की वास भराभर उडतो, पहिले दोन तास मोठे होतात आणि गोडपणा अंगावर येतो. मार्च ते मे याच बाटलीचा एक स्प्रे, तोही शर्टाच्या आत, छातीवर. नाहीतर त्या तीन महिन्यांत वाळा किंवा लिंबाच्या जातीचं काहीतरी वापरा. वाळ्याचं अत्तर आपल्याकडे सहज मिळतं, आणि उन्हाळ्यात त्याच्याइतकं शहाणं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पावसाळ्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत. शर्टाला, जर्किनला, बुटांना कुबट वास धरतो. त्यावर गोड, व्हॅनिलाचा परफ्युम मारला तर दोन्ही मिळून असा वास होतो की नुसता कुबट बरा. पावसाळ्यात चाचणी करायचीच असेल तर फक्त इस्त्री करून कोरड्या केलेल्या सुती शर्टावर करा. आणि कुबट वास घालवायला परफ्युम वापरू नका. कपडा पुन्हा धुवा, पंख्याखाली वाळवा, गरम इस्त्री फिरवा. ओल्या हवेत धुपासारखा, लोबान-देवदाराचा गोडवा बरा वागतो. दुधाळ आणि कारमेलचा वास नको.

या वासांचा खरा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा. सकाळी गार वारा, अंगात स्वेटर, हवा कोरडी. त्या दिवसांत दालचिनी, तंबाखू, मध सगळं व्यवस्थित उलगडतं. पण थंडीत त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही. अंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा थोडं व्हॅसलीन लावून मग स्प्रे करा. वासाचं तेल किंवा चमेलीचं तेल याखाली नको.

म्हणून परफ्युम दिवाळीत निवडायचा असेल तर एक लक्षात ठेवा: त्या हवेत जवळजवळ सगळेच गोड वास पास होतात. वर्षभर वापरायची बाटली असेल तर ती ऑक्टोबरच्या तापल्या दुपारी पारखा. त्या उन्हात जो टिकला तो मग संक्रांतीतही चालतो.

किती आणि कुठे

दोन स्प्रे छातीवर, शर्टाच्या आत. हवं तर एक मानेच्या मागे. गोड परफ्युमला रोज याहून जास्त लागत नाही. शर्टाच्या आतून वास हळूहळू वर येतो, बाजूच्याला झोंबत नाही. बसने जाणाऱ्यांनी घरून निघायच्या अर्धा तास आधी लावावा, म्हणजे त्या सगळ्यात जोरदार तासाचा बराच भाग घरातच संपतो.

पांढऱ्या शर्टावर थेट मारू नका. व्हॅनिलिन काळानुसार तपकिरी होतं, बाटलीतला रंगही त्यामुळेच गडद होत जातो आणि पांढऱ्या कापडावर पिवळसर डाग राहू शकतो. मास्तर, वकील, पांढरे सदरे घालणारी वडीलधारी माणसं यांनी हे विशेष जपावं. मफलर, जर्किन, हेल्मेटचा अस्तर यांवरही नको. तिथे गोडाचा तळ धरून बसतो आणि दुसऱ्या दिवशी लावलेला वेगळा वास त्यात मिसळतो.

शेजारचा माणूस

दमा असलेल्याला, अर्धशिशी असलेल्याला, गरोदर बाईला दाट गोड वासाचा खरोखर त्रास होतो. दवाखान्यात, लहान वर्गात, बंद एसी खोलीत जायचं असेल तर त्या दिवशी परफ्युमच नको. ऑफिसात कोणी सांगितलं की वास सहन होत नाही, तर वाद न घालता बंद करा. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याच्या श्वासात जात असते, त्यामुळे यात त्याचं म्हणणं आपल्या आवडीच्या वर धरायला हवं.

ज्यांना स्पिरिट चालत नाही, मग ते नमाजासाठी असो की त्वचेसाठी, त्यांच्यासाठी अत्तर हा चांगला रस्ता आहे. अंबर किंवा चंदनाच्या अत्तराचा कानामागे एक फाया दिवसभर पुरतो आणि फारसा पसरतही नाही. फक्त आधी थेंबभर लावून घरी जाऊन बघा; स्वस्त अत्तरात नुसतं बिनवासाचं तेल जास्त असू शकतं.

पैशाचा हिशेब

१०० मिलीच्या बाटलीत साधारण १,००० स्प्रे. समजा बाटली ३,००० रुपयांची आहे आणि रोज तीन स्प्रे लागतात, तर दिवसाला ९ रुपये पडतात आणि बाटली जवळजवळ वर्षभर जाते. दुसरीकडे समजा ८०० रुपयांची १०० मिली बाटली आहे, पण ती टिकत नाही म्हणून सकाळी आठ आणि दुपारी आठ स्प्रे मारावे लागतात. दिवसाला १३ रुपयांच्या आसपास जातात आणि दोन महिन्यांत बाटली रिकामी. किंमत बाटलीवर न बघता दिवसावर बघा. मोठ्या बाटलीचा मोहही नको. पहिल्यांदा ३० किंवा ५० मिलीच घ्या, कारण गोड वासाचा कंटाळा लवकर येतो आणि तीन महिन्यांनी आपली आवड बदललेली असू शकते.

मोठ्या नावाची बाटली निम्म्या-पाव किमतीत मिळत असेल तर ती नक्कल समजून चाला. खोक्याच्या तळाचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच कोड जुळतो का बघा, झाकण सैल आहे का, स्प्रेचा फवारा बारीक पडतो की थेंब उडतात, छपाई पुसट आहे का. आपल्याकडचे काही भारतीय ब्रँड याच जातीचे वास स्वतःच्या नावानं, योग्य लेबलसह विकतात. नक्कल घेण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. परीक्षा तीच, चौथ्या तासाची.

ठेवायचा कुठे

बाथरूममध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नको, खिडकीतल्या उन्हात नको. कपाटात, खोक्यासकट, झाकण लावून. रंग थोडा गडद झाला तर घाबरू नका, व्हॅनिला असलेल्या परफ्युमचं ते होतंच. पण वरचा वास आंबट, व्हिनेगरसारखा येऊ लागला आणि तो दहा मिनिटांतही गेला नाही, तर बाटली संपली असं धरा. डिकँटच्या छोट्या बाटल्या आधी वापरून टाका, त्यांची झाकणं फार दिवस धरत नाहीत. आणि बाटलीवर घेतल्याची तारीख पेननं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच घ्यायची की नाही, हे ती किती दिवस गेली यावरून ठरवता येतं.